खुर्चीतल्या माणसाने आधी ऐकावं

नाचणगाव पुलगावला लागून आहे आणि पुलगाव मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर. त्यामुळे वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यातल्या या गावाला बाहेरची माणसं नवी नाहीत. पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात देशभरातून लोक नोकरीला येतात. शाळेत बदली होऊन शिक्षक येतात, बँकेत नवे साहेब येतात, दवाखान्यात नवे डॉक्टर रुजू होतात. अशा नव्या माणसाची सुरुवातीची तक्रार ठरलेली असते: इथले लोक तोंडावर हो म्हणतात आणि मग करत नाहीत. गावाचीही तक्रार असते: साहेब माणूस चांगला आहे, पण ऐकूनच घेत नाही. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. हा लेख दोघांसाठी आहे, पण जास्त करून साहेबांसाठी.

संवादकौशल्याच्या वर्गात सांगतात, स्पष्ट बोला, नजरेला नजर द्या, मुद्दा थोडक्यात मांडा. हे सल्ले वाईट नाहीत, पण ते बहुतेक वेळा ज्याला बोलायची धास्ती वाटते त्यालाच दिले जातात. माझं म्हणणं वेगळं आहे. दोघांपैकी ज्याच्या हातात सही आहे, औषध आहे, कर्ज आहे किंवा मार्क आहेत, समजून घेण्याची आणि आपलं समजलं की नाही हे तपासण्याची जबाबदारी त्याच्यावर जास्त आहे. समोरचा माणूस आपलं म्हणणं सांगतच असतो. ते दर वेळी शब्दांत नसतं, एवढंच.

1967 साली पॉल वॅट्झलाविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी संवादावर जे पुस्तक लिहिलं, त्यातल्या दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, माणूस संवाद न करता राहूच शकत नाही. गप्प बसलेला, मान खाली घातलेला, दारातूनच परत फिरलेला माणूसही काही सांगून गेलेला असतो. दुसरी, प्रत्येक बोलण्यात एक मजकूर असतो आणि त्याच्यासोबत नात्याची खूण असते. ‘सातबारा आणला का?’ हा प्रश्न एकच. मान वर न करता विचारला तर त्यातून ‘तू माझ्या कामात खोळंबा आहेस’ हे पोचतं. ‘बसा, सातबारा आणला का?’ असं विचारलं तर मजकूर तोच राहतो, पण नातं बदलतं. आणि गावात माणूस घरी जाऊन मजकुराइतकंच नात्याबद्दल सांगतो.

इथेच संस्कृतीचा संबंध येतो. नात्याच्या खुणा प्रत्येक मुलखाने आपापल्या घडवलेल्या असतात. आपल्या खुणा तेवढ्या नैसर्गिक आणि दुसऱ्याच्या तेवढ्या ‘रीती’, असं प्रत्येकाला वाटतं. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी 1976 च्या पुस्तकात संस्कृतींमधला एक फरक मांडला: काही ठिकाणी सांगायचं ते सगळं शब्दांत घातलं जातं, काही ठिकाणी निम्मं प्रसंगावर, नात्यावर आणि आवाजावर सोडलेलं असतं. आपला समाज साधारणपणे दुसऱ्या बाजूचा. पण कुठल्याही गावावर असा शिक्का मारून मोकळं होऊ नये. जो शेतकरी कर्जाविषयी साहेबांसमोर चार शब्द बोलत नाही, तोच कापसाच्या भावावर व्यापाऱ्याला तोंडावर सुनावतो. माणूस तोच, पण एका ठिकाणी त्याचं काही अडलेलं असतं आणि दुसऱ्या ठिकाणी तो बरोबरीने उभा असतो. संस्कृती म्हणून आपण जे बाजूला ठेवतो, त्यातलं बरंचसं अधिकाराच्या अंतरातून आलेलं असतं.

आता ‘हाव’कडे येऊ. वर्ध्याकडे होकाराला हाव म्हणतात, मोठ्या माणसाला हाव जी. डॉक्टर औषधाची चिठ्ठी लिहीत सांगतात, ‘ही सकाळी जेवणाआधी, ही दोन्ही वेळा जेवणानंतर, आणि ही तीनच दिवस. समजलं?’ समोरून उत्तर येतं, ‘हाव जी.’ हे हाव पुष्कळदा ‘मी ऐकतो आहे’ असं सांगणारं असतं. कधी ते ‘तुमचा मान ठेवतो’ असं सांगतं, तर कधी ‘बाहेर रांग आहे, मला लाजवू नका’ असं. होकार यांतला फक्त एक अर्थ. ‘समजलं का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणं म्हणजे एक तर स्वतःला अडाणी ठरवणं, नाही तर डॉक्टरांना नीट सांगता येत नाही असं म्हणणं. दोन्ही अवघड. म्हणून तो प्रश्न विचारूच नये. त्याऐवजी म्हणावं, ‘मी भराभर सांगितलं. घरी गेल्यावर कोणती गोळी कधी म्हणून सांगाल, ते मला एकदा सांगा, म्हणजे माझं काही राहिलं असेल तर कळेल.’ यात परीक्षा डॉक्टरांची होते, रोग्याची नाही. जगभरच्या रुग्णालयांत ही पद्धत आता शिकवली जाते. बँकेत हप्ता समजावताना, शाळेत पालकांना शिष्यवृत्तीचा अर्ज सांगताना, पेरणीच्या वेळी बीजप्रक्रिया सांगताना ती तशीच चालते.

नकाराचंही तसंच आहे. ‘पाहू’, ‘सांगतो मग’, ‘घरी विचारतो’ ही उत्तरं आली की तारीख लिहून घेण्याची घाई करू नका. त्यातलं एखादं खरंच विचार करण्यासाठी मागितलेला वेळ असतो, बाकीचे सभ्य नकार असतात. फरक ओळखायची एक वाट आहे. नकाराला जागा करून द्या: ‘जमत नसेल तर तसंही सांगा, माझा राग नाही. मग आपण दुसरं काही पाहू.’ आणि खरंच राग धरू नका. एकदा नकार दिल्यावर काम अडलं, हे गावात एका माणसाच्या बाबतीत घडलं तरी पुढचे वर्षभर सगळे हाव म्हणत राहतात.

इथे एका आकड्याबद्दल सांगायला हवं, कारण तो प्रशिक्षणवर्गांतून सर्रास सांगितला जातो: संवादात शब्दांचा वाटा फक्त 7 टक्के, आवाजाचा 38 आणि देहबोलीचा 55. हे आकडे आल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 च्या प्रयोगांतून आले. ते प्रयोग भावना आणि आवड-नावड यांच्यापुरते होते. शब्द एक सांगत असतील आणि आवाज-चेहरा दुसरंच, तर ऐकणारा कशावर विश्वास ठेवतो, हे त्यांत पाहिलं होतं. सगळ्या संवादाला हे प्रमाण लावू नये, असं खुद्द मेहराबियन यांनीच सांगितलं आहे. औषधाची मात्रा, कर्जाचा व्याजदर, फेरफाराची तारीख हे शब्दांतच सांगावं लागतं आणि ते नीट सांगावं लागतं. चेहरा हसरा ठेवला म्हणजे 93 टक्के काम झालं, असं समजणारा साहेब गावाचं नुकसान करतो.

नजरेला नजर देण्याचंही तारतम्य हवं. सासऱ्यासमोर, गुरुजींसमोर, मोठ्या अधिकाऱ्यासमोर नजर खाली ठेवणं हा इथे आदर आहे. खोटं बोलणारा नजर चुकवतो, हा शहरी समज घेऊन गावात चौकशी करू नका.

बोलण्याच्या सुरुवातीला जो नमस्कार होतो, त्याला नवी माणसं फार कमी वेळ देतात. नाचणगाव-पुलगावच्या बाजारात एका सकाळी किती तऱ्हेचे नमस्कार कानावर पडू शकतात ते पाहा. कुणी रामराम म्हणतं, कुणी जय भीम, कुणी सलाम. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या सेवामंडळातले जय गुरु म्हणतात. महानुभाव दंडवत म्हणतात, गोंड समाजातले जय सेवा म्हणतात, वारकऱ्यांचं रामकृष्णहरी असतं. यातला प्रत्येक शब्द माणसाने काही किंमत देऊन जवळ केलेला आहे. जय भीम हा अभिवादनाचा शब्द रूढ करण्याचं श्रेय विदर्भातल्याच कामठीच्या बाबू हरदास यांना दिलं जातं. ज्या माणसाला पिढ्यानपिढ्या वाकून जोहार करायला लावलं, त्याने ताठ मानेने उच्चारलेलं ते अभिवादन आहे. माझा सल्ला साधा आहे: समोरचा ज्या शब्दाने अभिवादन करतो, त्याच शब्दाने परत करा. अडखळलात तर ‘नमस्कार’ आहेच. पण जय भीमला मुद्दाम रामराम, किंवा सलामला मुद्दाम जय श्रीराम, हे उत्तर नसतं. तो दरवाजा लावून घेणं असतं.

तू, तुम्ही आणि आपण यांच्या बाबतीत मी आग्रही आहे. 1960 साली रॉजर ब्राउन आणि आल्बर्ट गिलमन यांनी युरोपातल्या भाषांबद्दल दाखवलं की एकेरी-अनेकवचनी सर्वनामांमागे दोन गोष्टी काम करतात, सत्ता आणि जवळीक. मराठीला हे तंतोतंत लागू आहे. आईला तू म्हणतो ती जवळीक. सत्तर वर्षांच्या सफाई कामगाराला पंचविशीतला कारकून तू म्हणतो, ती सत्ता. आणि त्या सत्तेमागे जात असते, हे गावात सगळ्यांना माहीत असतं, कुणी बोलत नाही. विदर्भात तू मोकळेपणाने वापरतात, मित्रामित्रांत तर ‘बे’ आणि ‘राजा’ही चालतं, त्यामुळे कुणी म्हणेल की इथे तू मध्ये अपमान नसतो. ही सबब खरी आहे की खोटी, ते तपासायला एक प्रश्न पुरे: तो कामगार तुम्हाला तू म्हणू शकतो का? नसेल, तर त्याला तुम्ही म्हणा, भाऊ म्हणा, काकाजी म्हणा. ग्रामपंचायतीत, शाळेत, दवाखान्यात वयाने मोठ्या प्रत्येकाला तुम्ही, हा नियम एका दिवसात लागू करता येतो. त्याला निधी लागत नाही.

उलट बाजूनेही समज हवी. पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्या शिक्षिकेला ‘पोट्टे’ हा शब्द खटकतो, इथल्या आईला तो लेकरांसाठीचा रोजचा शब्द वाटतो. ‘काहून नाही आले जी?’ हा प्रश्न जाब विचारल्यासारखा ऐकू येतो, पण त्यात आपुलकी असते. डोळे ‘डोये’ होतात, शाळा ‘शाया’ होते. हिंदीची वळणंही पुष्कळ. वर्धा 1956 पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात, पुढे मध्य प्रदेशात होता, तिथे मराठी आणि हिंदी सोबत नांदल्या, त्याचा हा वारसा. मुलाने ‘मी जेवून राह्यलो’ म्हटलं तर वर्गात हसू नका. प्रमाण मराठी शिकवा, जरूर शिकवा, पण त्याचं वाक्य आधी पूर्ण ऐकून त्याच्या मुद्द्याला उत्तर द्या. ज्याच्या भाषेला हसलं जातं ते पोर वर्गात बोलायचं थांबतं, आणि त्याला किती येतं हे कळायची वाटच बंद होते.

या मुलखात लोकांच्या बोलीचं बळ सगळ्यात नीट ओळखलं ते गाडगेबाबांनी. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी 1876 साली जन्मलेला हा माणूस गावात गेला की आधी खराटा हातात घेई, गाव झाडी, आणि रात्री कीर्तनाला उभा राही. कीर्तनात ते प्रश्न विचारत आणि उत्तरासाठी थांबत. उत्तर लोकांनीच द्यायचं, लोकांच्याच वऱ्हाडीत. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, जात पाळू नका, मुलांना शाळेत घाला, अशा कडू गोष्टी त्यांनी हजारो माणसांच्या तोंडून वदवून घेतल्या. संवादाचं कुठलंही पुस्तक न वाचता त्यांना हे माहीत होतं की माणूस स्वतः दिलेलं उत्तर विसरत नाही. ग्रामसभेत योजना वाचून दाखवणाऱ्या प्रत्येकाने एवढं तरी उचलावं. पाच मिनिटं सांगा, मग प्रश्न विचारा, मग थांबा. शांतता पडली तर ती लगेच बोलून भरू नका.

थांबण्याची सवय लावून घ्यावी लागते. याच जिल्ह्यात, 1936 पासून सेवाग्रामला राहताना, गांधीजी सोमवारी मौन पाळत. भेटायला आलेले बोलत, ते ऐकत आणि जरूर तेवढं उत्तर चिठ्ठीवर लिहून देत. आपल्याला दिवसभर मौन जमणार नाही. पण कुणी तक्रार घेऊन आलं तर पहिली दोन मिनिटं मधे न बोलता ऐकणं जमतं. मोबाइल उलटा ठेवायचा, कागदावरून हात काढायचा, मग ऐकायचं. सेवाग्रामच्या 1969 साली सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयात नवे विद्यार्थी सुरुवातीचे दिवस आश्रमात काढतात, प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि विद्यार्थ्यांकडे तिथली काही कुटुंबं सोपवली जातात. रोग्याच्या ओट्यावर बसून घेतलेली माहिती आणि टेबलापलीकडून घेतलेली माहिती यांत काय फरक पडतो, ते भावी डॉक्टरांना असं आधीच कळतं. बाकीच्या खात्यांनीही नव्या नेमणुकीच्या वेळी असं काही करावं, असं मला मनापासून वाटतं.

आभाराबद्दल थोडं. अमेरिकेत शिकवणारे मराठी मानवशास्त्रज्ञ महादेव आपटे यांनी 1974 साली दक्षिण आशियाई भाषांमधल्या आभारांवर अभ्यास प्रसिद्ध केला. मराठीत ‘आभारी आहे’ हे सभा-समारंभाचं बोलणं आहे, घरच्यांत आणि जवळच्यांत ते म्हणत नाहीत, असं त्यात दिसतं. तिथे कृतज्ञता परतफेडीतून, आठवणीतून व्यक्त होते. परदेशात वाढलेली नातवंडं वर्ध्याला येऊन आजीला उठता-बसता थँक यू म्हणतात तेव्हा आजीला परकं वाटतं, त्याचं कारण हे. नातवंडांनी शब्द सोडायला नको, आजीनेही मनाला लावून घ्यायला नको. आईवडिलांनी दोघांना एकमेकांची रीत सांगितली की पुरे. पण बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याने ‘काम करून दिलं तर साधे आभारही मानत नाहीत’ असं म्हणू नये. दसऱ्याला सोनं द्यायला तोच माणूस दारात येतो. त्या दिवशी घरी असावं.

स्त्रियांशी बोलताना आणखी एक अडथळा असतो. घरात पुरुष असला की प्रश्न तिला विचारला तरी उत्तर तो देतो. त्याचा पाणउतारा न करता त्याला सांगता येतं, ‘भाऊ, तुमचं ऐकलं, आता ताईंनाच विचारतो, त्रास त्यांना आहे.’ तिला अमक्याची माय म्हणून हाक मारू नका, तिचं नाव विचारा आणि नावाने बोला. काही गोष्टी घरी बोलताच येत नाहीत. त्या बचत गटाच्या बैठकीत, अंगणवाडीत, आशाताईंसोबत निघतात. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असा कायदाच आहे. ती कागदावर उरकणं म्हणजे अर्ध्या गावाचं म्हणणं न ऐकणं.

भांडणातलं बोलणं वेगळं शिकावं लागतं. धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, वाद घ्या. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर धुऱ्यावरून फिरला आणि तुमची कपाशीची दोन तासं, म्हणजे ओळी, गेली. ‘तुम्ही दर वर्षी असंच करता, तुमचा बापही असाच होता’ असं सुरू केलं की पुढची दहा वर्षं कोर्टात जातात. झालेली गोष्ट आणि आपलं नुकसान एवढंच बोलावं: ‘परवा ट्रॅक्टर धुऱ्यावरून गेला, माझी दोन तासं मोडली, मला मोजणी करून हवी आहे.’ पाश्चात्त्य पुस्तकं हे समोरासमोर लगेच बोला म्हणतात. आपल्याकडे आधी दोघांनाही मान्य असलेल्या वडीलधाऱ्याच्या कानावर घालणं बरं पडतं, आणि ते चावडीवर चारचौघांत मुळीच बोलू नये, त्याच्या घरी जाऊन बोलावं. चारचौघांत चूक कबूल करणं म्हणजे नाक खाली होणं. घरात चहा घेताना तोच माणूस म्हणू शकतो, ‘झालं खरं चुकून.’

मोबाइलविषयी दोनच गोष्टी सांगतो. लग्नाची पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तरी मामा, आत्या आणि भाऊकीतल्या मोठ्यांना दारी जाऊन बोलवा. ते शक्य नसेल तर फोन करून बोलवा. आणि रागाचं काही लिहून पाठवू नका. लिहिलेल्या ओळीला आवाज नसतो, वाचणारा आपल्या मनातल्या आवाजात ती वाचतो.

शेवटचा प्रसंग सगळ्यात जड आहे. कापूस-सोयाबीनच्या या पट्ट्यात कर्जाने, नापिकीने खचलेला माणूस आपल्यासमोर कधीही बसलेला असू शकतो. ‘कसं काय?’ म्हटल्यावर तो ‘बरं हाय’च म्हणेल. तिथे थांबू नका. त्याला ‘टेन्शन आहे का?’ असं विचारण्याऐवजी रोजच्या गोष्टी विचारा: झोप लागते का, जेवण जातं का, वावरात जाता का, बैलं विकली का, पोरीचं कुठवर आलं. ‘आता काही अर्थ नाही’, ‘माझ्यामागे यांचं काय’ अशी वाक्यं आली तर विषय बदलू नका, धीराची भाषणं देऊ नका, इतरांची उदाहरणं सांगू नका. सरळ विचारा, ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ असं विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध घरातून हलवा, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सेवाग्रामच्या रुग्णालयात सोबत घेऊन जा. केंद्र सरकारच्या टेलिमानसचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं. तो कागदावर लिहून त्याच्या खिशात द्या आणि घरातल्या दुसऱ्या माणसाकडेही द्या, कारण फोन लावणं त्याच्या स्वतःच्या जिवावर येईल. दोन दिवसांनी पुन्हा त्याच्याकडे जा, आणि या वेळी कागदपत्रांचं काम घेऊन जाऊ नका.